तमाशातील कलावंत आणि आपण

श्रोतेहो, मी तमाशाचा शौकीन आहे. हे आधीच सांगून टाकलेले बरे. भजनाचा शौकीन आपला शौक चारचौघांत अभिमानाने सांगतो, नाट्यसंगीताचा शौकीन तर न विचारताही सांगतो. पण तमाशाचा शौकीन आजूबाजूला कोण बसले आहे हे आधी बघतो आणि मग बोलतो. रात्री कनातीत पुढची जागा धरून फेटा उडवणारे गृहस्थ सकाळी पारावर बसून "छे, छे, आम्ही कुठले जातो तिकडे!" असे म्हणताना आपण सर्वांनीच ऐकले आहेत. मला त्या गृहस्थांवर टीका करायची नाही. पण ज्याने आपल्याला रात्रभर हसवले, रडवले, त्याची ओळख सकाळी नाकारायची, हा व्यवहार काही सरळ नव्हे. म्हणून आज लावणी किती गोड आणि ढोलकी किती कडक, एवढेच सांगून मी थांबणार नाही. ती लावणी गाणारी आणि ती ढोलकी वाजवणारी माणसे कोण, ती कशी जगतात, आणि आपले त्यांच्याकडे काय देणे लागते, याविषयी चार शब्द बोलावे असा विचार आहे.

ढोलकी-फडाचा तमाशा आपण बघतो तो रात्री. पण तमाशातल्या माणसाचा दिवस बघितलेले लोक थोडे. फड गावात येतो तो बहुधा दुपारी. आदल्या रात्रीचा खेळ दुसऱ्याच गावी, पहाटे उरकलेला असतो. मग तंबू-कनाती गुंडाळायच्या, पेट्या गाडीत चढवायच्या आणि त्याच सामानावर अंग टाकून पुढचे गाव गाठायचे. पूर्वी बैलगाड्या होत्या, आता ट्रक आहेत. झोप मात्र पूर्वीइतकीच. गावात पोचल्यावर पुरुष खांब रोवायला लागतात आणि बायका तीन दगडांची चूल मांडतात. ज्या बाईला रात्री आपण राणीच्या वेषात बघणार, ती दुपारी भाकरी थापत असते, लेकराला न्हाऊ घालत असते, पाणी कुठे मिळेल म्हणून घागर घेऊन फिरत असते. दिवस मावळला की तेच लेकरू पडद्याआड झोळीत निजवायचे, नऊवारी घट्ट कसायची, पायांत चाळ बांधायची आणि बोर्डावर उभे राहायचे. रोज पितळी घुंगरांचे ओझे वाहून घोटे सुजतात, कातडे सोलवटते. पायाला चिंधी गुंडाळून वर चाळ बांधलेल्या बायका मी पाहिल्या आहेत. बोर्डावर आल्यावर त्यांच्या चेहऱ्यावर याची खूण शोधूनही सापडत नाही.

आणि खेळ काय साधा असतो? आधी हलगी विस्तवावर शेकून तिचे कातडे ताणून घ्यायचे. मग ढोलकी आणि हलगी यांची झुंज लागते. ती रंगली की लांबच्या वस्तीवरची माणसेसुद्धा खेळ सुरू झाला हे समजून पाय उचलतात. त्यानंतर गण, म्हणजे गणरायाला नमन. मग गौळण; मथुरेच्या बाजाराला निघालेल्या गवळणी, त्यांची ती तोंडाळ मावशी, आणि वाट अडवणारा कृष्ण व त्याचा पेंद्या. पुढे बतावणी, लावण्या, आणि शेवटी वग. शिक्षक बंधूंना मी मुद्दाम एक गोष्ट सांगतो. जुन्या रिवाजाप्रमाणे वगाची लिखित संहिता नटाच्या हातात नसे. सरदाराने गोष्ट सांगायची, कुणी काय व्हायचे ते ठरवायचे, आणि संवाद ज्याचे त्याने बोर्डावर उभ्या उभ्या रचायचे. यांतल्या पुष्कळांना अक्षरओळखही नव्हती. तरी राजा राजासारखा बोले, प्रधान प्रधानासारखा, आणि सोंगाड्या त्या दोघांच्या बोलण्यातली हवा एका वाक्यात काढून घेई. दादू इंदुरीकरांचे 'गाढवाचं लग्न' ज्यांनी पाहिले त्यांना मी काय म्हणतो ते कळेल. त्यांचा सावळ्या कुंभार काल बोलला तेच आज बोलेल याचा भरवसा नसे, आणि आज बोलला ते कालच्याहून फिके असेल अशी भीतीही नसे. १९७३ साली संगीत नाटक अकादमीने त्यांचा सन्मान केला. भाषेवरची ही हुकमत शाळेत मिळत नाही. ती पिढ्यान् पिढ्या कानांवाटे उतरत आलेली आहे.

आता या बोर्डावरून गेलेल्या काही माणसांची आठवण करू.

सांगली जिल्ह्यातल्या वाळवे तालुक्यात रेठरे हरणाक्ष म्हणून गाव आहे. तिथे १८६६ साली कुलकर्ण्यांच्या घरात श्रीधर नावाचा मुलगा जन्मला. वतनदार ब्राह्मणाचे घर. दप्तर सांभाळायचे आणि मानाने राहायचे. पण या मुलाला कवनाचा नाद लागला. त्या काळच्या समाजात ब्राह्मणाच्या मुलाने तमाशात जाणे म्हणजे घर, वतन आणि जात या तिन्हींवर पाणी सोडणे. त्याने ते सोडले आणि तो पठ्ठे बापूराव झाला. त्यांना साथ मिळाली ती पवळाबाईंची. पवळाबाई संगमनेर तालुक्यातल्या हिवरगाव पावसा गावच्या, महार समाजात जन्मलेल्या. तमाशात बाईचे काम नाच्या पोरग्याने करायचे असा जुना रिवाज होता. तिथे स्वतः बाई उभी राहू लागली, त्या आरंभीच्या काळातले हे सर्वांत गाजलेले नाव. बापूरावांचे शब्द आणि पवळेचा गळा यांनी मुंबईची थिएटरे भरून वाहिली.

इथे मला एका गोष्टीचे नेहमी नवल वाटते. ज्या काळात गावच्या विहिरीवर या दोघांना एकत्र पाणी भरता आले नसते, त्या काळात ती दोघे एका बोर्डावर उभी राहिली आणि लोकांनी त्यांना डोक्यावर घेतले. म्हणजे रात्रीपुरता का होईना, समाज आपली शिवाशिव कनातीबाहेर ठेवून आत येत होता. पण उजाडल्यावर तीच शिवाशिव पुन्हा खांद्यावर टाकून घरी जात होता. पुढे दोघांची फाटाफूट झाली. लाखो लोकांच्या तोंडी ज्यांची कवने होती ते बापूराव १९४५ साली पुण्यात वारले, ते विपन्नावस्थेत. पाच वर्षांनी, १९५० मध्ये, त्यांच्यावर बोलपट निघाला. जिवंतपणी हाती पैसा नाही, मेल्यावर पडद्यावर चरित्र. ही आपली कलावंताला न्याय देण्याची रीत!

दुसरे नाव विठाबाईंचे. विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर. पुणे-नाशिक रस्त्यावरचे नारायणगाव हे तमाशाची पंढरीच म्हणून ओळखले जाते. पाडव्याच्या सुमारास तिथे निरनिराळ्या फडांच्या राहुट्या लागतात आणि गावोगावची पंचमंडळी आपल्या यात्रेची सुपारी द्यायला येतात. त्या नारायणगावचे नाव विठाबाईंच्या घराण्याने महाराष्ट्रभर नेले. आजोबांनी फड उभा केला, वडील आणि चुलते यांनी भाऊ-बापू या जोडनावाने तो गाजवला. विठाबाईंचा जन्म १९३५ सालचा, पंढरपूरचा. विठोबाच्या गावी झाली म्हणून नाव विठा. शाळेत जायच्या वयात त्या बोर्डावर गेल्या. गळा, नाच आणि अभिनय हे तिन्ही गुण एकाच ठिकाणी क्वचित सापडतात. त्यांच्यापाशी ते होते. १९६२ साली चीनशी युद्ध झाले, तेव्हा त्यांनी सीमेवरच्या जवानांपुढे खेळ केले. राष्ट्रपतींकडून त्यांचा गौरव झाला.

त्यांच्याविषयीची एक हकीकत तमाशाच्या मुलखात घरोघर सांगतात. दिवस भरलेले असताना विठाबाई बोर्डावर नाचत होत्या. मध्येच कळा सुरू झाल्या. त्या पडद्यामागे गेल्या, बाळंत झाल्या, दगडाने ठेचून नाळ तोडली, आणि लुगडे सावरून उरलेला खेळ करायला पुन्हा बोर्डावर आल्या. प्रेक्षकांच्या ध्यानात आले की मघाची बाई अवघडलेली होती आणि आताची नाही. तेव्हा त्यांनीच हात जोडून खेळ थांबवायला लावला.

ही हकीकत सांगताना लोक "काय तिची कलेवरची निष्ठा!" असे म्हणतात. निष्ठा होतीच, त्यात शंका नाही. पण मंडळी, जरा पुढचा विचार करा. बाळंतपणाच्या दिवसापर्यंत एका बाईला नाचावे का लागते? खेळ बंद पडला तर सुपारी बुडेल, सुपारी बुडाली तर फडातल्या सगळ्या माणसांच्या तोंडचा घास जाईल, हे तिला ठाऊक होते म्हणून. निष्ठेचे कौतुक करताना तिच्या मागे उभी असलेली ही गरज आपण झाकून ठेवतो. कौतुक फुकट असते. गरजेकडे बघितले की खिशात हात घालावा लागतो. १५ जानेवारी २००२ रोजी विठाबाई गेल्या. त्यांच्या दवाखान्याचे बिल लोकांच्या वर्गणीतून भागवावे लागले. त्यानंतर काही वर्षांतच राज्य सरकारने त्यांच्या नावाने जीवनगौरव पुरस्कार सुरू केला. तो दरवर्षी तमाशातल्या ज्येष्ठ कलावंताला मिळू लागला, हे चांगलेच झाले. त्यांच्या कन्या मंगला बनसोडे यांनी फडाची परंपरा पुढे चालवली, हेही आनंदाचे. पण ज्या नावाने आज पुरस्कार आहे, त्या नावाच्या बाईला औषधपाण्यासाठी वर्गणी लागली, ही गोष्ट आपण विसरू नये.

तिसरे नाव वाईच्या यमुनाबाईंचे. यांची वाट थोडी वेगळी. तमाशाचे दोन प्रकार आहेत. एक आत्तापर्यंत सांगितला तो ढोलकी-फड, आणि दुसरा संगीत बारी. संगीत बारीत वग नसतो. गाणे, नाच आणि अदा यांवर सारी भिस्त. त्यातही बैठकीची लावणी म्हणून जी म्हणतात तिचे मर्म ऐकणाऱ्याने समजून घेण्यासारखे आहे. गाणारी बाई बसलेली असते. पाय उचलायचा नाही, गिरकी घ्यायची नाही. एकच ओळ ती पुन्हा पुन्हा म्हणते. पण एकदा रागाने, एकदा विनवणीने, एकदा रुसून, तर एकदा सगळे समजूनही न समजल्यासारखे करून. शब्द तेच, अर्थ मात्र दर वेळी नवा. डोळे, भुवई, मान, मनगट एवढ्याच भांडवलावर हा सगळा संसार चालतो. या विद्येत यमुनाबाई वाईकरांची बरोबरी करणारे थोडे झाले.

त्यांचा जन्म ३१ डिसेंबर १९१५ चा, कोल्हाटी समाजातला. घरी इतके दारिद्र्य की लहान मुलीने आईबरोबर रस्त्यावर गावे-नाचावे तेव्हा चूल पेटायची. आईच पहिली गुरू. त्या समाजात ज्या मुलीच्या पायांत चाळ बांधली तिचे लग्न होत नसे, आणि तिच्या मिळकतीवर भावंडांचे, त्यांच्या लेकरांचे संसार उभे राहत. आपण ज्या हास्यावर पैसा उधळतो त्या हास्याच्या मागे एक सबंध घर बसलेले असते, ते असे. यमुनाबाईंना संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार मिळाला १९९५ मध्ये, म्हणजे ऐंशीच्या घरात. पद्मश्री मिळाली २०१२ मध्ये, वयाच्या शहाण्णवाव्या वर्षी. २०१८ च्या मे महिन्यात त्या गेल्या तेव्हा त्यांना एकशेदोन वर्षे पुरी झाली होती. त्यांना दीर्घायुष्य लाभले म्हणून हा मान त्यांच्या हयातीत पदरी पडला. सत्तराव्या वर्षी गेल्या असत्या तर? अशा कितीतरी यमुनाबाई सत्तराच्या आधीच गेल्या असतील, आणि त्यांची नावेही आपल्याला ठाऊक नाहीत.

आता थोडे पैशाविषयी. कारण त्यावाचून हे जीवन समजत नाही. तमाशाचा हंगाम दसऱ्याच्या सुमारास सुरू होतो आणि चैत्र-वैशाखातल्या गावयात्रांबरोबर संपतो. पावसाळ्यात खेळ नाही. मग माणसे आपापल्या गावी जाऊन मिळेल ती मजुरी करतात. घरखर्च, दुखणे, लेकीचे लग्न यांसाठी फडमालकाकडून आगाऊ रक्कम घ्यावी लागते. तिला 'उचल' म्हणतात. मग पुढचा सबंध हंगाम नाचायचे, गायचे ते ही उचल फेडण्यासाठी. फडमालक सुखी असतो असेही समजू नका. तोही सावकाराकडून कर्ज काढूनच तंबू उभा करतो. चैत्रात ऐन यात्रेच्या रात्री वळीव कोसळला की तंबू भिजतो, तिकिटे परत करावी लागतात, आणि त्या रात्रीचे नुकसान पुढच्या वर्षीच्या उचलीत जाऊन बसते. शेतकरी मंडळींना हे गणित निराळे समजावून सांगायला नको. तुमचेही नशीब आभाळाकडे बघूनच ठरते. फरक एवढाच, की तुमच्यापाशी निदान जमीन असते. यांची जमीन म्हणजे यांचे शरीर आणि यांचा गळा.

तमाशावर संकटे काही कमी आली नाहीत. स्वातंत्र्याच्या सुमारास मुंबई सरकारने अश्लीलतेच्या कारणावरून त्यावर बंदी घातली होती. ती पुढे उठली. नंतर सिनेमा आला, दूरचित्रवाणी आली. २०२० आणि २०२१ या दोन्ही वर्षी साथीच्या रोगामुळे यात्राच भरल्या नाहीत, आणि सलग दोन हंगाम बुडाले. ज्यांनी अनेक वर्षे स्वतःच्या हिमतीवर फड चालवला त्या कांताबाई सातारकर २०२१ च्या मे महिन्यात त्याच साथीच्या काळात गेल्या. एवढे सगळे होऊनही फड पुन्हा निघतात, ढोलकी पुन्हा कडाडते. ही माणसे चिवट आहेत खरी. पण ती चिवट आहेत म्हणून त्यांना किती ताणायचे, याचाही विचार आपण करायला हवा.

मग आपण काय करावे? मी मोठमोठ्या योजना सांगणार नाही. गावाला करता येतील अशा काही गोष्टी तेवढ्या सांगतो.

सुपारी ठरली असेल तेवढी, ठरल्या वेळी, बिनबोभाट द्यावी. खेळ संपल्यावर पहाटे पंचांच्या दारात फडमालकाला तिष्ठत बसवू नये. फड गावात येईल त्या दिवशी पाण्याची सोय करावी आणि बायकांना अंघोळीला आडोसा द्यावा. पाहुण्याला आपण एवढे करतोच की. बोर्डावरच्या बाईला वेडेवाकडे बोलणारा, खडा मारणारा आपल्याच गावचा पोरगा असतो. त्याला आवरायचे काम पोलिसाचे नव्हे, त्याच्या चुलत्या-मामांचे आहे. आणि वग सुरू झाल्यावर "गाणी लावा, गाणी!" म्हणून ओरडू नये. वग ऐकायला माणूसच उरला नाही तर तो रचणारा तरी कसा उरेल?

शिक्षक बंधु-भगिनींनो, तुमच्याकडे माझे मागणे थोडे अधिक आहे. तुमच्या वर्गात कधी एखादे तमासगिराचे मूल येते. हंगामात चार-सहा महिने ते गैरहजर असते आणि परत येते तेव्हा मागे पडलेले असते. मुले त्याला चिडवतात. "तमाशातलं पोर" ही त्यांच्या लेखी शिवी असते. त्या मुलाला आपण जवळ घ्यावे. त्याची आई रात्री काय करते हे त्याला लपवावेसे वाटू नये, इतका मान आपल्या बोलण्यातून त्याला मिळावा. वर्गात एखादे दिवशी त्यालाच गौळण म्हणायला सांगा. बाकीची मुले कशी गप्प बसून ऐकतात ते बघा.

दुसरे असे, की जवळपासच्या गावांत म्हातारे शाहीर, सोंगाडे, ढोलकीवाले, नाचणाऱ्या बाया अजून आहेत. त्यांच्यापाशी वगांची जुनी बाडे आहेत, आणि बाडांत नसलेले पुष्कळसे तोंडी आहे. आता घरोघर मोबाईल आहेत. त्यात आवाज धरून ठेवता येतो. मुलांना घेऊन त्यांच्याकडे जा, त्यांना विचारा, त्यांचे बोलणे साठवून ठेवा. जाताना रिकाम्या हाताने जाऊ नका, आणि ध्वनिमुद्रण करण्याआधी त्यांची परवानगी घ्या. विद्या त्यांची आहे. वृद्ध कलावंतांसाठी सरकारी मानधन असते. त्याचे अर्ज भरणे हे अक्षरशत्रू माणसाला डोंगराएवढे काम वाटते. तुमच्या हातची दोन पाने कुणाचा म्हातारपणीचा औषधखर्च भागवू शकतील.

ही माणसे कीव मागत नाहीत, हेही शेवटी सांगितले पाहिजे. कीव केलेली त्यांना आवडतही नाही. फडातल्या एका म्हाताऱ्या बाईला मी एकदा सहज म्हणालो, "बाई, फार सोसलंत तुम्ही." त्यावर त्या ताडकन् म्हणाल्या, "सोसलं ते सोडा मास्तर, गायले कशी ते सांगा." मला हे उत्तर फार मोलाचे वाटते. त्यांच्या दुःखाची वर्णने करून आपण डोळे पुसावेत, एवढ्यासाठी त्या नाचल्या नाहीत. त्यांना आपल्या विद्येची कदर हवी असते. आणि खरी कदर म्हणजे गाणे नीट ऐकणे, गाणारीचे नाव लक्षात ठेवणे, तिचा मोबदला चुकता करणे, आणि सकाळी पारावर बसून, न लाजता, "काल रात्री मी तमाशाला गेलो होतो, बाई फार सुंदर गायली," असे चारचौघांत सांगणे.

यंदाच्या यात्रेत एवढे करून बघा.